नवीन कॅम, डबल स्प्रिंग : पहिल्या स्टार्टला आतली स्प्रिंग ठेवू का काढू?

अँबी१४८९ | शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, राम राम. घरची अँबेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल, जुनं बीएमसीचं इंजिन. वडिलांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. दोन वर्षं शिवाजी पेठेतल्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीनंतर इंजिन पूर्ण उघडलं. बोअर झाला, क्रँक झाला, बेअरिंग नवीन. जुन्या कॅमचे दोन लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) खाल्लेले निघाले, म्हणून नवीन कॅम टाकलाय, जरा चढा. व्हॉल्व्हची उचल आता १० मिमी भरते. टॅपेट, म्हणजे लोबवर टेकून वर-खाली होणारे तुकडे, आठही कोरे. कॅमबरोबर व्हॉल्व्हच्या डबल स्प्रिंगचा सेट आला, बाहेरची जाड, आतली बारीक.

मिस्त्री म्हणतो सगळं एकदाच बसव, हेड आवळ आणि स्टार्टर मार. एका ओळखीच्यानं सांगितलं की आतल्या आठ स्प्रिंगा काढून ठेव आणि कॅम रुळल्यावर टाक. हे मिस्त्रीला सांगितलं तर हसला. म्हणाला, "स्प्रिंग काय लोणचं हाय व्हय, मुरल्यावर काढायला?"

हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) अजून बाकड्यावर आहे. रविवारी बसवायचं ठरलंय. काय करू?

---

गगनबावडा_एक्सप्रेस | शुक्रवार, रात्री १०:५२

अँबीला चढा कॅम! नाद खुळा. घाटात आमच्या जीपला मागं टाकायचा विचार दिसालाय तुझा. उत्तर मला येत न्हाई, पण चहा घेऊन बसलोय. चालू द्या.

---

पुणेरी_पॅडी | शुक्रवार, रात्री ११:१५

माझी पद्मिनी मी आजवर दोनदा उघडली आहे. दोन्ही वेळा स्प्रिंग होत्या तशाच बसवल्या, काहीही झालं नाही. कारखान्यात काय आतली स्प्रिंग काढून गाडी शोरूमला पाठवत होते? अमेरिकेतले व्ही-एटवाले जे सांगतात ते आपल्या चार सिलिंडरला जसंच्या तसं लावण्यात अर्थ नाही. आपण उगाच हेडचं काम दोनदा कराल.

---

उद्यमनगरकर | शनिवार, सकाळी ६:०५

पॅडीसाहेब, कारखान्याचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. कारखान्याचा कॅम बेताच्या उचलीचा आणि स्प्रिंग त्याच्या मापाची असायची. इथं दोन्ही बदललंय.

मी आयुष्यातली ३० वर्षं ऑइल इंजिनच्या टेस्ट बेंचवर काढली. आमच्याकडं नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी एकच काम द्यायचो : पुशरॉडवर (टॅपेटवर उभी असते ती दांडी) पांढऱ्या रंगाची उभी रेघ मार आणि इंजिन फिरताना ती रेघ बघत बस. रेघ गोल फिरत असली पाहिजे. पुशरॉड फिरतोय म्हणजे खाली टॅपेट फिरतोय.

सपाट टॅपेट खरं तर सपाट नसतो. त्याचा तळ मधोमध किंचित फुगीर असतो. कॅमचा लोबही एका बाजूला थाऊ-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उतरता घासलेला असतो आणि तो टॅपेटच्या बरोबर मध्याखाली नसतो. त्यामुळं प्रत्येक उचलीला टॅपेट थोडा वळतो आणि घासण्याची जागा बदलत राहते. टॅपेट वळायचा थांबला की लोब एकाच जागी घासतो. मग तो लोब गेलाच. बघता बघता जातो.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत लोब आणि टॅपेट यांची एकमेकांशी ओळख होते. तेव्हाच वरून जादा भार कशाला द्यायचा? आतल्या काढ. तुझ्या मिस्त्रीला सांग, लोणचंच हाय, फक्त मुरायचा हाय तो कॅम.

---

थाऊमास्तर | शनिवार, सकाळी ८:३०

काकांशी सहमत, पण एक अट घालतो. "डबल" या शब्दावर काही ठरवू नका. मी शिरोलीत ग्राइंडिंगवर असतो. डबल असून नरम असलेल्या स्प्रिंगा पाहिल्यात आणि सिंगल असून दोघांनी दाबाव्या लागणाऱ्याही पाहिल्यात. किलो किती ते मोज. दोन ठिकाणी मोजायचं : व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची जी उंची राहते तिथं, आणि त्यातून उचल वजा करून, म्हणजे पूर्ण उघडल्यावर.

दुसरं. आतली काढल्यावर बाहेरची वरच्या टोपीत आणि खालच्या बैठकीत मधोमध बसते का ते बघ. काही सेटमध्ये खालचा वॉशर आतल्या स्प्रिंगमुळंच जागेवर राहतो. तसं असेल तर बाहेरची एकटी इकडं तिकडं सरकणार.

तिसरं. जुने टॅपेट चुकून वापरले नाहीस ना? नवीन कॅमला कोरेच टॅपेट. वापरलेले ठेवायचे असतील तर ज्या कॅमच्या ज्या लोबवर होते, तिथंच.

---

अँबी१४८९ | शनिवार, दुपारी ३:२०

मास्तर, टॅपेट कोरे आहेत. दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडात धरले तर कडेनं बारीक फट दिसते आणि ते एकमेकांवर डुलतात. फुगवटा आहे.

स्प्रिंग मोजली. शेजारच्या वर्कशॉपमध्ये उभं ड्रिल मशीन आहे. टेबलावर बाथरूमचा वजनकाटा ठेवला, त्यावर लाकडी फळी, फळीवर स्प्रिंग, चकमध्ये बोथट सळी. मशीन अर्थातच बंद, नुसता हँडल ओढायचा. एकानं व्हर्निअर धरला, दुसऱ्यानं हँडल, तिसरा "एवढ्यानं काटा मोडंल" म्हणत उभा होता.

बंद व्हॉल्व्हला उंची ३८ मिमी, उघड्याला २८.
बाहेरची : ३८ ला ३२ किलो, २८ ला ६२ किलो.
आतली : ३८ ला १५, २८ ला ३२.
आतलीच्या कड्या २६ ला एकमेकींना टेकतात, बाहेरचीच्या त्याच्याही खाली.
बाहेरची एकटी टोपीत आणि बैठकीत घट्ट बसते, हलत नाही.

आठपैकी एक बाहेरची २८ ला ५८ च दाखवते. बाकी सगळ्या दीड किलोच्या फरकात.

---

मृण्मयी_मेक | शनिवार, संध्याकाळी ५:१०

वा, आकडे आले. आता बोलता येईल.

दोन्ही मिळून बंद असताना ४७ किलो, उघडं असताना ९४. पण हा भार व्हॉल्व्हवरचा झाला, कॅमवरचा नाही. मध्ये रॉकर आहे, पुशरॉड आणि व्हॉल्व्ह यांना जोडणारी डुलती दांडी. या इंजिनात रॉकरचं गुणोत्तर साधारण १.४ असतं. म्हणजे टॅपेट लोबच्या टोकावर १३२ किलोनं दाबला जातो. आतली काढली तर ६२ गुणिले १.४, साधारण ८७. एक तृतीयांश भार गेला. आणि हा भार तळव्याएवढ्या जागेवर नाही, फुगीर तळ आणि गोल लोब जिथं भेटतात त्या बारीकशा पट्टीवर आहे. कोऱ्या पृष्ठभागावर घासण्याच्या सूक्ष्म रेघांची टोकं अजून शाबूत असतात, आणि भार तीच टोकं घेतात.

आयडलबद्दल कुणी विचारलं नाही, पण तोच मुद्दा महत्त्वाचा. लोबच्या टोकावर टॅपेट वर जाऊन परत फिरतो. इंजिन वेगात असेल तर टॅपेट, पुशरॉड, व्हॉल्व्ह या सगळ्यांचं वजन स्वतःच्या झेपेनं वरच जाऊ बघतं, त्यामुळं स्प्रिंगचा थोडा भार त्यातच खर्च होतो आणि टोक हलकं होतं. आयडलला ती झेप नसते. स्प्रिंगचा सगळा भार टोकावर येतो. वर, कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकनं उडवलेलं, आणि कमी वेगाला ते कमी उडतं. म्हणून पहिली २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएम. आयडलवर आणायचंच नाही.

ज्या स्प्रिंगला ५८ येतात ती परत द्या.

---

पुणेरी_पॅडी | शनिवार, संध्याकाळी ५:४५

मान्य. माझ्या पद्मिनीत उचलही मूळची होती आणि स्प्रिंगही मूळच्या, त्यामुळे माझं उदाहरण इथे लागू नाही. (हे स्क्रीनशॉट काढून ठेवण्यासारखं वाक्य आहे, पुन्हा मिळणार नाही.)

शंका एकच. बाहेरची स्प्रिंग एकटी पुरेल का? व्हॉल्व्ह तरंगला, म्हणजे स्प्रिंगनं वेळेत बंद झाला नाही, तर पिस्टनला लागायचा.

---

मृण्मयी_मेक | शनिवार, संध्याकाळी ६:००

२५०० ला पुरेल, निवांत. तरंगायची भीती वरच्या आरपीएमला. म्हणूनच आतली परत टाकेपर्यंत गाडी रस्त्यावर पळवायची नाही. आतलीला आणखी दोन कामं असतात : बाहेरचीची थरथर मोडणं, आणि बाहेरची तुटलीच तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू न देणं. दोन्ही उलटसुलट दिशेनं गुंडाळलेल्या असतात ना, ते एकमेकींच्या कड्यांत अडकू नयेत म्हणून. पॅडी, स्क्रीनशॉट काढलाय.

---

कागलचा_बुलेटवाला | शनिवार, रात्री ९:३०

स्प्रिंगवर सगळे बोललेत, मी न झालेल्या स्टार्टचं सांगतो. मामांच्या पेट्रोल जीपला नवीन कॅम टाकला. गॅरेजचं नाव घेत न्हाई, माणसं चांगली हाईत. पहिल्या दिवशी गाडी सुरूच होईना. कधी कार्बोरेटर भरालाय, कधी टायमिंग हाललंय. दहा-पंधरा मिनिटं नुसता स्टार्टर. शेवटी पकडली, तर आयडलवर ठेवून अर्धा तास डेल्को (डिस्ट्रिब्युटर) इकडं तिकडं फिरवत बसले. सगळे खूष. मामांनी पेढे वाटले.

चारशे किलोमीटरवर टॅपेटचा आवाज. गेज लावून जुळवला, आठवड्यात परत. परत जुळवला, परत. साईड कव्हर काढलं तर एक टॅपेट तळाला वाटीसारखा खोलगट, आणि त्याच्या समोरचा लोब जवळजवळ गोल. ते सगळं लोखंड तेलातनं बेअरिंगात गेलेलं. इंजिन परत पहिल्यापासनं.

टायमिंग आधी स्थिर जुळवा, फ्लोटमध्ये पेट्रोल भरा, प्लग तपासा. पहिल्या फिरकीला गाडी पकडली पाहिजे.

---

उद्यमनगरकर | शनिवार, रात्री १०:००

बुलेटवाले, अगदी. शंभरातले नव्वद कॅम असेच जातात, असं मी म्हणणार नाही, मोजलेले नाहीत. पण मी पाहिलेले बरेचसे असेच गेले.

तेलाचं थोडक्यात. झिंक-फॉस्फरसचं रसायन असतं, तेच लोबवर थर धरतं. नवीन गाड्यांच्या पातळ पेट्रोल तेलात, ५डब्ल्यू-३० वगैरे, फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून. तुझ्या गाडीला कन्व्हर्टर नाही. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घे, नाहीतर ट्रकवाल्यांचं सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४०. सिंथेटिक आत्ता नको. वरून बाटलीतलं औषध ओतायचं तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

आणि हेड बसवल्यावर स्टार्टरच्या आधी प्लग काढून पुढचा हँडल मार. अँबीला हँडल असतो, आमच्या पिढीला माहिती आहे. पाच-सहा फेऱ्या, रेघा बघत. जास्त नको, बसवताना लोबवर लावलेली मॉली पेस्ट (पहिल्या स्टार्टपुरतं घट्ट वंगण) पुसली जाते.

---

अँबी१४८९ | रविवार, रात्री ९:१५

आज काय झालं ते सांगतो. स्टार्ट केली नाही.

५८ वाली बदलून आणली. सकाळी आठ बाहेरच्या स्प्रिंगांवर हेड बसवलं. टॅपेटची फट नऊच्या नियमानं जुळवली : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला, सातवा असताना दुसरा, बेरीज कायम नऊ. पुशरॉडवर बायकोच्या नेलपॉलिशच्या रेघा मारल्या (विचारून). प्लग काढले, मुलानं हँडल मारला, मी टॉर्च धरून.

सात रेघा हळूहळू वळत होत्या. सहावी जागच्या जागी. वर जाते, खाली येते, वळत नाही. मिस्त्री बाजूला उभा होता. तोही वाकला. दहा सेकंद कुणी काही बोललं नाही.

ॲडजस्टर पूर्ण सैल केला, स्प्रिंग दाबून रॉकर बाजूला सरकवला, पुशरॉड काढला. साईड कव्हर उघडून सहावा टॅपेट वर ओढला तर तो येताना चिकटत होता. बाकीचे बोटावर तरंगल्यासारखे येतात. याच्या अंगाला काळी मॉली पेस्ट लागलेली, चांगली जाड. मीच लावली होती. शेवटचे टॅपेट टाकताना हात भरलेला होता आणि मी तळाबरोबर अंगालाही फासली.

---

थाऊमास्तर | रविवार, रात्री ९:३०

पेस्ट फक्त तळाला आणि लोबला. अंगाला साधं इंजिन तेल. टॅपेट त्याच्या भोकात स्वतःच्या वजनानं खाली गेला पाहिजे. पूस, भोक कापडानं पूस, तेल लाव, सोडून बघ. इतर सातही परत काढून बघ. कंटाळा करू नको.

---

गगनबावडा_एक्सप्रेस | रविवार, रात्री ९:३४

मर्दा, बावीस मिनिटं २२०० वर त्या बोळात करणार हाईस? पेठेतली सगळी म्हातारी माणसं काठ्या घेऊन येतील.

---

अँबी१४८९ | मंगळवार, रात्री ११:०५

बोळात नाही केलं. मित्राचं वडणग्याला गुऱ्हाळ आहे, गाडी ओढून तिकडं नेली. हंगाम चालू आहे, चरक धडधडतोय, आमच्या आवाजाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. पाण्याची पाइप हाताशी होती. रेडिएटरपुढं मोठा उभा पंखा लावला, कारण उभ्या गाडीला वारा नसतो.

तेल वर चढवायचं कसं हा प्रश्न होता. व्ही-एटवाले डेल्कोच्या भोकातून ड्रिल लावून पंप फिरवतात. या इंजिनात पंपाची दांडी वेगळी, थेट कॅमवरून, त्यामुळं ती युक्ती नाही. मित्राकडं कोरा फवारणी पंप होता, औषध कधीच न भरलेला. त्यात तेल जरा कोमट करून भरलं, नळी ऑइल गेजच्या युनियनला जोडली आणि दाब दिला. पाच-सात मिनिटांनी रॉकर शाफ्टमधून तेल पाझरायला लागलं. त्यानंतर हँडलच्या चार फेऱ्या. आठही रेघा फिरतात. सहावी तर सगळ्यात जोरात.

दुसऱ्या फिरकीला पकडली. थेट २२०० वर नेली आणि नंतर १९०० ते २५०० मध्ये खाली-वर करत राहिलो. तापमान अठराव्या मिनिटाला चढायला लागलं तेव्हा रेडिएटरवर पाणी मारलं. एकूण २५ मिनिटं. गुऱ्हाळावरच्या काकांनी मध्येच उसाचा रस आणून दिला. एका हातानं थ्रॉटल आणि एका हातानं ग्लास.

गरम असतानाच तेल सोडलं. फिल्टर कापला. कागदावर करडा थर आहे, ती मॉली पेस्ट असावी. चुंबक फिरवला तर बारीक काळी राख लागली, चमकणारा कण एकही नाही. थंड झाल्यावर हेड परत आवळलं आणि टॅपेट मोजले. आठपैकी सहा जसेच्या तसे, दोन अर्ध्या थाऊनं कमी-जास्त. सहावा जसाच्या तसा.

---

उद्यमनगरकर | बुधवार, सकाळी ६:१०

टॅपेटचं माप हेच तुझं रिपोर्ट कार्ड. लोब खाऊ लागला तर फट वाढत जाते. पाचशे किलोमीटरपर्यंत दर आठवड्याला मोज आणि लिहून ठेव. आता आतल्या टाकायला हरकत नाही. हेड उतरवू नको.

---

पुणेरी_पॅडी | बुधवार, सकाळी ९:००

हेड न उतरवता स्प्रिंग? टोपी दाबली की व्हॉल्व्ह खाली जाणार.

---

थाऊमास्तर | बुधवार, सकाळी ९:२०

प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत सोडायची. पिस्टन अर्ध्यात, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या फेरीत. मग क्रँक हातानं वर फिरवायचा. दोरीचा गोळा पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये दाबला जातो आणि व्हॉल्व्ह जागेवर राहतात. कॉम्प्रेसरची हवा भरूनही होतं, पण हवा सुटली की व्हॉल्व्ह गेला खाली. दोरी भांडत नाही. कॉटर (टोपी व्हॉल्व्हला अडकवणारे बारीक तुकडे) काढताना खालची भोकं चिंध्यांनी बंद कर, एक कॉटर पुशरॉडच्या भोकातून खाली गेला तर रात्रभर शोधत बसशील.

---

अँबी१४८९ | रविवार, संध्याकाळी ७:४०

आठही आतल्या गेल्या. दोन सिलिंडर काल, दोन आज. मिस्त्री स्वतःहून आला, दोरी त्यानंच आणली. एक कॉटर उडाला, पण चिंधीवर पडला. आता २८ मिमीला दोन्ही मिळून ९४ किलो, आणि कड्या टेकायला २ मिमी शिल्लक. टॅपेट परत मोजले, फरक नाही.

संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. सिग्नलला आयडल जरा उडतं, चढ्या कॅमचं ते असायचंच. मिस्त्रीच्या बाकड्यावर कुणाची तरी दुसरी अँबी उघडलेली आहे. तिच्या आतल्या स्प्रिंगा त्यानं चहाच्या ग्लासात काढून ठेवल्यात. मी काही बोललो नाही.

---

थाऊमास्तर | रविवार, संध्याकाळी ७:५५

चारही सिलिंडरमधून दोरी पूर्ण बाहेर आली का? मोजलीस?

---

अँबी१४८९ | रविवार, रात्री ८:०२

तीन मीटरची होती. दीड आत सोडत होतो, दीड बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला गाठ मारून पाना बांधला होता. आत्ता परत मोजली. तीन मीटर भरली.

---

गगनबावडा_एक्सप्रेस | रविवार, रात्री ८:१०

मग पुढच्या रविवारी सकाळी सहाला, घाटाच्या पायथ्याला. मिस्त्रीलाबी घेऊन ये.